उघडिपीतला बर्फ : गुलमर्गमधले सात दिवस

पहिला दिवस

टंगमर्गला ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि चाकांना साखळ्या चढवायला सुरुवात केली. श्रीनगर सोडलं तेव्हा पाऊस होता, मागामच्या पुढे पावसातच बर्फाचे कण दिसू लागले आणि टंगमर्गला पोचेपर्यंत नुसता बर्फ. तिथून गुलमर्ग फक्त १३ किलोमीटर. तेवढ्याला तासाहून जास्त लागला.

आम्ही तिघं. मी, माझा मावसभाऊ (वयाने मोठा, म्हणून घरात सगळ्यांचाच दादा) आणि भूलतज्ज्ञ असलेली माझी मैत्रीण, जिला आम्ही नुसतंच डॉक्टर म्हणतो. तिघांचीही सह्याद्रीत वीस-बावीस वर्षं गेलेली. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. आम्हाला स्कीइंग येत नाही आणि ते शिकायला आलोही नव्हतो. स्नोशू घालून हिवाळ्यातल्या डोंगरात चालायचं, बर्फाचे थर वाचायला शिकायचं आणि सगळं जुळून आलं तर गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्ग या माळावरून सोंडेसोंडेने अफरवट डोंगराच्या धारेवर जायचं, असा बेत होता.

हॉटेलच्या दारात आमचे वाटाडे चाचा भेटले. पन्नाशी ओलांडलेले, फेरनच्या म्हणजे ढगळ लोकरी झग्याच्या आत कांगडी, निखाऱ्यांची टोपली, धरलेली. या डोंगरात त्यांची तीस वर्षं गेली आहेत. चहा येण्याआधीच त्यांनी सांगितलं, "इस बार चिल्लई कलां सूखा गया." काश्मीरचा हिवाळा तीन तुकड्यांत मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, मग वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. खरा बर्फ पडायचा तो पहिल्या चाळीस दिवसांत. यंदा डिसेंबरअखेर गुडघ्याखाली येईल इतकाच पडला आणि त्यानंतर पूर्ण जानेवारी निळं आभाळ, कडक ऊन आणि रात्रीची हाडं गोठवणारी थंडी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एकदा बर्फ पडला, आणि आता हा दुसरा.

दादा म्हणाला, "म्हणजे बर्फ कमी आहे. धोकाही कमीच की."

चाचांनी मान हलवली. होकारार्थी नव्हती ती.

दुसरा दिवस

दिवसभर बर्फ. पश्चिमी विक्षोभ सरकायला तयार नव्हता. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणारी ही हवा काश्मीरचा हिवाळा घडवते. आपल्याला मोसमी वारे, तसे इथे हे विक्षोभ. वर जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून खालच्या सपाट मैदानात बर्फाखाली गाडलेल्याला शोधण्याचा सराव केला.

प्रत्येकाच्या अंगावर, आतल्या कपड्यांवर पट्ट्याने बांधलेला ट्रान्सीव्हर. तो ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत असतो. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपलं यंत्र ऐकण्याच्या स्थितीत करायचं आणि बाण दाखवेल तिकडे जायचं. यंत्रावरचा आकडा तीनच्या खाली आला की यंत्र बर्फाला टेकवून आडवं-उभं फिरवायचं, सगळ्यात कमी आकडा मिळेल तिथून प्रोब म्हणजे घडीची लांब सळई खुपसायला सुरुवात करायची, पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर, गोल फिरत. सळईला माणूस लागला की ती तिथेच राहू द्यायची आणि तिच्या उतरणीच्या खालच्या बाजूने खणत आत शिरायचं. सळईपाशी उभं राहून थेट खाली खणलं तर खणणाराच गाडलेल्याच्या डोक्यावर उभा राहतो आणि त्याच्या श्वासासाठी असलेली पोकळी दाबून टाकतो.

चाचांनी एका पोत्यात यंत्र घालून ते मीटरभर खोल पुरलं होतं. पहिल्या खेपेला आम्हाला ते बाहेर काढायला एकोणीस मिनिटं लागली.

डॉक्टर घड्याळ बघत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "एकोणीस मिनिटं म्हणजे हा माणूस बहुतेक गेला." हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी काही जण झाडाखडकांवर आपटून जातात, पण आत अडकलेले बहुतेक जण गुदमरून जातात. बर्फात हवा असते, मात्र उच्छ्वासाची वाफ नाकातोंडासमोर गोठून बर्फाचा मुखवटा तयार होतो आणि माणूस स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा ओढत राहतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटला की तीनच्या आसपास. डॉक्टरने हे ऑपरेशनच्या खोलीतल्या आवाजात सांगितलं, त्यानंतर आम्ही तिघंही गप्प झालो आणि पुन्हा सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा पोतं पुरलं. शेवटच्या तिन्ही वेळा सात मिनिटांच्या आत काढलं. हाताची बोटं लाकडासारखी झाली होती. हेलिकॉप्टर, लष्कर, पोलीस, सगळे येतील. पण त्या दहा मिनिटांत तिथे फक्त सोबतचेच असतात.

तिसरा दिवस

पहाटे बर्फ थांबला. हॉटेलमागच्या मोकळ्या जागेत परवा फळी ठेवली होती, तिच्यावर पट्टी लावली : नवा बर्फ ६० सेंटिमीटर. एक लिटरचा डबा काठोकाठ भरून, न दाबता, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. डब्याचं वजन वजा जाता ११० ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरवर ६६ किलो, आणि आपल्या हिशेबात एका गुंठ्यावर साडेसहा टनांहून जास्त. दोन दिवसांत, आवाजही न करता. भुसभुशीत दिसतं म्हणून ते हलकं आहे असं वाटतं. गुंठ्याचा आकडा वहीत लिहिल्यावर दादाने पहिल्यांदा खिडकीतून अफरवटकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं.

मोबाइलवर आपत्ती व्यवस्थापनाचा हिमस्खलनाचा इशारा आला होता, बारामुल्लासह बर्फाळ जिल्ह्यांसाठी. या इशाऱ्यांमागे डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन खात्याची, डीजीआरई ही संस्था असते. पूर्वी तिचं नाव सासे होतं, १९६९ मध्ये मनालीत सुरू झालेली. सैन्याच्या चौक्या आणि रस्ते यांच्यासाठी त्यांनी हिमालयात बर्फाचा अभ्यास उभा केला, त्यावर आज आमच्यासारखे हौशी लोकही विसंबतात. पण इशारा असतो संपूर्ण जिल्ह्यातल्या अमुक उंचीवरच्या उतारांसाठी. समोरच्या एका सोंडेचं काय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फावडं हातात घ्यावं लागतं.

चौथा दिवस

आज खड्डा खणला. या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता दिवस.

जागा निवडण्यातच तास गेला. ज्या उतारावर जायचं त्याच्यासारखाच हवा : त्याच दिशेला तोंड, शक्यतो तीच उंची, पण स्वतः सुरक्षित आणि डोक्यावर मोठा उतार नसलेला. अफरवटची गुलमर्गकडची अंगं ईशान्येला बघतात. तिथे हिवाळ्यात ऊन जेमतेम टेकतं, आणि नैर्ऋत्य-पश्चिमेकडचा वारा धारेपलीकडचा बर्फ उचलून नेमका याच बाजूला टाकतो. चाचांनी जंगलाच्या वरच्या कडेला, देवदारासारख्या दिसणाऱ्या बुदलूच्या झाडांमधली एक मोकळी जागा दाखवली. कोनमापक लावला : २८ अंश. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून तीव्र कड्यांवर बर्फ साठून राहत नाही, सारखा थोडा थोडा झडत असतो. त्याहून सौम्य उतारावर तो सहसा जागचा हलत नाही. नेमका मधला उतार, जो चढायला बरा वाटतो, तोच वाईट.

जमिनीपर्यंत खणलं, १२५ सेंटिमीटर. सावलीतली भिंत फावड्याने सरळ कापली आणि रंगकामाच्या मऊ ब्रशने अलगद झाडली. झाडता झाडता भिंतीवर आडव्या रेघा उमटल्या. जिथे थर मऊ तिथे ब्रश आत जातो, जिथे कडक तिथे कड पुढे राहते. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

नाशिक-नगरच्या डोंगरांत कातळाच्या पायऱ्या दिसतात ना, एकावर एक बसलेल्या, त्या लाव्हाच्या एकेका प्रवाहाच्या आहेत. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. त्याला आम्ही लाल बोल म्हणतो. एक प्रवाह येऊन थिजला, मग बराच काळ काहीच घडलं नाही, त्या काळात त्याचा माथा कुजला, माती झाली, आणि पुढच्या प्रवाहाने ती भाजून गाडून टाकली. लाल बोल मऊ असतो, कातळापेक्षा कितीतरी आधी झिजतो, आणि धरण-बोगद्यांच्या अभियंत्यांना तो वैताग देतो. दोन उद्रेकांमधल्या उघडिपीची ती खूण. वर्गात मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे की कातळ वाचायचा तर मधला पट्टा आधी शोधा.

इथेही तेच केलं. थराची कडकी हाताने मोजतात : मूठ आत जाते का, नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, शेवटी सुरी. वरचे ६० सेंटिमीटर परवाचा बर्फ, मूठ जाते, खाली खाली चार बोटं. त्याखाली २५ सेंटिमीटर फेब्रुवारीच्या सुरुवातीचा, बसून घट्ट झालेला, एक बोट. मग दोन सेंटिमीटरचा वाऱ्याने थापलेला पापुद्रा, पेन्सिलच आत जाईल असा. आणि पापुद्र्याखाली जमिनीपर्यंत ३८ सेंटिमीटर... तिथे मूठच काय, कोपरापर्यंत हात गेला आणि थर वाळूसारखा घळाघळा ओघळून माझ्या बुटांवर पडला.

"चीनी," चाचा म्हणाले.

खरंच साखर. हातमोज्यावर घेऊन दाबला तर लाडू वळेना. बेसॉल्ट बघायचं माझं नेहमीचं दहापट भिंग गळ्यात होतं. मिलिमीटरचे चौकोन छापलेल्या काळ्या पत्र्यावर चिमूटभर कण पसरून पाहिले : दोन-तीन मिलिमीटरचे, सपाट बाजूंचे, कडा धारदार, काहींवर पायऱ्या पायऱ्यांच्या रेषा. कुणाचा कुणाला चिकटा नाही. इतके सुंदर की बराच वेळ भिंग डोळ्यावरून काढवेना.

ही साखर आली कुठून? जानेवारीतून. जमिनीलगत बर्फाचं तापमान शून्याच्या आसपास राहतं, कारण जमिनीची ऊब वर येत असते. चाचांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा बर्फ साधारण ४० सेंटिमीटर होता आणि निरभ्र रात्री वरचा पृष्ठभाग उणे दहापर्यंत सहज उतरत असणार. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला अडीच अंशांचा फरक. एक अंशाच्या वर गेलं की पुरे. खालच्या उबदार कणांतून वाफ निघते, वर जाते, वरच्या थंड कणांवर बसून गोठते. कणांना जोडणाऱ्या माना झिजतात, कोन फुटतात, गोल दाणा टोकदार होतो. बर्फ जितका पातळ आणि आभाळ जितकं स्वच्छ, तितकं हे काम झपाट्याने होतं. दादाला परवा वाटलं होतं की कमी बर्फ म्हणजे कमी धोका. त्याचं उत्तर बुटांवर पडलं होतं. पर्यटक ज्याला 'काय मस्त हवा' म्हणतात त्या महिनाभराच्या उन्हाने हा पाया पोखरला होता, आणि वादळाने त्यावर फक्त वजन ठेवलं.

मी थर्मामीटर दर दहा सेंटिमीटरवर खोचला. आता तळाशी शून्याच्या किंचित खाली, पापुद्र्यापाशी उणे दोन. नव्या बर्फाची गोधडी पडल्यामुळे फरक कमी झाला आहे, म्हणजे साखर आणखी वाढणार नाही. पण झालेली साखर सांधायला आठवडे लागतात, कधी सारा हिवाळा.

शेवटी चाचणी. भिंतीत ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर आत असा ठोकळा करवतीने चारी बाजूंनी मोकळा केला. एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवून त्यावर हाताने ठोके : दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाचे दहा झाले, काही नाही. कोपराच्या तिसऱ्या ठोक्याला पापुद्र्याखालून रेघ निघाली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचली. अख्खा ८७ सेंटिमीटर जाडीचा ठोकळा सरकून माझ्या मांडीवर आला.

ठोका पडला एका कोपऱ्यात, तुटलं संपूर्ण. हिमस्खलनाचं सगळं गुपित त्यात आहे. पायाखाली एवढासा तुकडा चिरडला जातो आणि तडा त्या थरातून पळत जाऊन आख्खा उतार मोकळा करतो. वहीत लिहिलं : तेराव्या ठोक्याला, पूर्ण प्रसार, साखरेत. डॉक्टरने तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

पाचवा दिवस

सहाला निघालो, खिलनमर्गच्या दिशेने. रात्री तिघांनी आणि चाचांनी बसून ठरवलं होतं की धारेवर जायचा विचार आज नाही; जंगलातून खिलनमर्गच्या कडेपर्यंत जायचं, तीस अंशांच्या वर पाय ठेवायचा नाही, आणि तीस अंशांच्या वरचा उतार डोक्यावर असेल तिथे रेंगाळायचं नाही. दुसरी अट लोक विसरतात. आपण सपाटीवर असलो तरी वरचा उतार सुटला की तो सपाटीवरच येऊन थांबतो.

जंगलात स्नोशूखाली फक्त मऊ फसफस. सूर्य वर आला तशी उत्तरेला नंगा पर्वताची पांढरी भिंत दिसली, मधल्या सगळ्या रांगांच्या वर एकटी. अर्धा तास आम्ही कुणी बोललो नाही.

झाडं संपली तिथे खिलनमर्गचा मोकळा माळ. चाचा पुढे, मग मी. वीसेक पावलं गेलो असू, आणि पायाखालून आवाज आला. धान्याचं भरलेलं पोतं कोठारात टाकल्यावर येतो तसा दबका, पण खूप मोठा, आणि त्याबरोबर पायाखालचा बर्फ बोटभर खाली बसल्याचं सरळ पोटात जाणवलं. माझ्या उजव्या स्नोशूपासून एक चीर निघून दहा-बारा पावलांपर्यंत गेली होती.

चाचांनी हात वर केला. सगळे जागच्या जागी.

तेराव्या ठोक्याचा तोच प्रकार, आता खऱ्या डोंगरात. साखरेचा थर आमच्या वजनाने बसला होता, आणि माळ जेमतेम पंधरा अंशांचा होता म्हणून वरचा बर्फ जागेवर राहिला. पण हा तडा सपाटीवरून वरच्या उतारापर्यंतही जाऊ शकतो, आणि उतार दुरूनच सुटू शकतो. मी कोनमापकातून वर पाहिलं. माळाच्या डोक्यावरचा उतार ३७ अंश.

आणि त्याच उतारावर स्कीच्या चार स्वच्छ रेघा होत्या.

दादा म्हणाला, "अगं, चौघं गेलेत की तिथून. काही झालं नाही. सोंड तर इथून दिसतेय. कडेकडेने गेलं तर?"

मला त्याचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. नाशिकहून इतक्या लांब आलेलो, आभाळ निळं, वारा नाही, समोर सोंड. सह्याद्रीत अनोळखी घसाऱ्यावर आधी गेलेल्यांचे ठसे दिसले की जीव भांड्यात पडतो, कारण तिथे ठसे म्हणजे वाट. बर्फात ते खरं नसतं. खालचा थर सगळीकडे सारख्या खोलीवर नसतो. जिथे वरचा बर्फ जाड, तिथे वजन खालपर्यंत पोचत नाही. जिथे खडकाभोवती किंवा कडेला तो पातळ, तिथे पाचव्या किंवा पंधराव्या माणसाचा पाय बरोबर साखरेवर पडतो. चौघं गेले याचा अर्थ एवढाच की चौघांचे पाय तिथे पडले नाहीत.

चाचा एवढंच म्हणाले, "इसी खिलनमर्ग में, दो हज़ार दस में..." आणि थांबले. ८ फेब्रुवारी २०१०. लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलची तुकडी इथे प्रशिक्षणासाठी होती, हिमस्खलनात १७ जवान गेले. डोंगरातल्या युद्धाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेची माणसं होती ती. २०२३ मध्ये १ फेब्रुवारीला इथूनच जवळ हपतखुदला पोलंडचे दोन स्कीअर गेले. इथे उर्दूत हिमस्खलनाला बर्फानी तोदा म्हणतात.

मी दादाला म्हणाले, "दादा, आज नाही." डॉक्टर आधीच वळून उभी होती. आल्या ठशांवरून, एकमेकांत मोठं अंतर ठेवून, एकेक जण जंगलात परतलो. उरलेल्यांनी प्रत्येक वेळी जाणाऱ्यावर नजर ठेवली, की शेवटचा कुठे दिसला ते माहीत असावं.

रात्री बुखारीपाशी, खोलीतल्या शेगडीपाशी, दादा बराच वेळ काही बोलला नाही. जेवण झाल्यावर त्याने माझी वही मागितली आणि पहिल्या पानापासून वाचून काढली. मग स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली : 'आवाज, चीर, १५ अंश, सकाळी ९.४०.' वेळ मी लिहायला विसरले होते.

सहावा दिवस

रात्रभर वारा. सकाळी धारेवरून बर्फाचे झेंडे पूर्वेकडे फडकत होते. बर्फ न पडताही उतार भरत असतो तो असा. वारा काही तासांत एका बाजूचा बर्फ दुसऱ्या बाजूला इतका साठवतो जितका वादळ दोन दिवसांत टाकतं. शिवाय उडताना कण मोडतात, म्हणून साठलेला बर्फ घट्ट, पाटीसारखा बसतो. वर कडेला छज्ज्यासारखी झालर लोंबायला लागते, ती वेगळीच.

गोंडोलाचा म्हणजे रोपवेचा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद. जवळपास चार हजार मीटरपर्यंत जाणारा तो टप्पा २००५ पासून आहे, आणि त्याच्यामुळे थोड्या वेळापूर्वी खाली चहा पीत असलेला माणूस अशा उतारांच्या माथ्यावर उभा राहतो जिथे चढून जायला त्याला दिवस लागला असता आणि वाटेत दहा खुणा दिसल्या असत्या. गोंडोलाखालच्या पट्ट्यात स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर गस्त घालणारं पथक, स्फोटकांनी बर्फ पाडून घेतं. हद्दीच्या दोरीपलीकडे कुणी काही करत नाही.

पहिल्या टप्प्याने कोंगडोरीपर्यंत गेलो आणि दुर्बीण लावली. आमच्या दक्षिणेला, पण ईशान्येलाच तोंड असलेल्या एका अंगावर, धारेच्या जरा खाली, आडवी निळसर रेघ. काल संध्याकाळी नव्हती. रेघेखाली उतार कापून काढल्यासारखा, आणि मध्ये दोन ठिकाणी मातकट तपकिरी डाग : गवत आणि जमीन. म्हणजे सगळा बर्फ तळापासून गेला होता, साखरेवरून. आत जाणारे ठसे नाहीत. वाऱ्याचं वजनच पुरलं.

आम्ही काल परतलो ती सोंड ही नव्हे, हे स्पष्ट सांगते. ती अजून जशीच्या तशी उभी होती, आणि कदाचित वसंतापर्यंत उभी राहील. काल आम्ही वर गेलो असतो तर काय झालं असतं, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण तेच तोंड, तशीच उंची, तोच थर. वहीत लिहिलं : ईशान्य, धारेखाली, आपोआप, जमिनीपर्यंत, काल संध्याकाळ ते आज साडेआठच्या दरम्यान. स्टेशनवर स्की पेट्रोलच्या मुलाला तेच सांगितलं. त्याने लगेच कागद काढला, दिशा आणि उंची पुन्हा विचारून घेतली, आणि चौथ्या दिवसाच्या खड्ड्याचे आकडे उतरवून घेतले. डोंगरात इतके लोक फिरतात, प्रत्येकाला काही ना काही दिसतं, आणि बहुतेक ते फोटोबरोबर घरी घेऊन जातात. त्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी दोरी कुठे बांधायची ते ठरवायचं होतं.

सातवा दिवस

वारा पडला, रात्र निरभ्र गेली, उणे चौदा. आज परतायचं, पण पायी : जंगलातून खाली बाबा रेशीच्या दर्ग्याकडे उतरणारी सौम्य वाट.

पहाटे झाडांच्या मधल्या मोकळ्या जागा चमकत होत्या. जवळ जाऊन गुडघे टेकले. बर्फावर पिसं उगवली होती, पातळ, पारदर्शक, उभी. आपल्याकडे थंडीत गवतावर पडतं ते दहिवर, इथे गोठून वाढलेलं. भिंगाखाली प्रत्येक पिसाला नक्षीदार कडा. डॉक्टरने फुंकर घातली तर किणकिण आवाज करत आडवी झाली. तिने पुन्हा फुंकर घातली नाही.

चाचाही वाकून बघत होते. "जानते हो मॅडम, ये क्या है?"

माहीत होतं. ही पिसं वितळण्याआधी किंवा वारा त्यांना मोडण्याआधी वर नवा बर्फ पडला, तर ती तशीच उभ्याने गाडली जातात. पत्त्यांच्या घरासारखी, वरचं वजन पेलत, आठवडेच्या आठवडे. म्हणजे परवाचा वाईट थर तळाशी आहेच आणि त्याच्या पाऊण मीटर वर दुसरा आज पहाटे, आमच्या डोळ्यांसमोर तयार होत होता. उघडीप आपलं काम करत होती.

चाचांच्या फेरनच्या खिशातून एक लहान डायरी निघाली, उर्दूत, पेन्सिलने लिहिलेली. मला वाटलं होतं की तीस वर्षांचा अनुभव त्यांच्या डोक्यातच आहे. पानं उलटून दाखवली : पहिला बर्फ कधी, किती, उघडीप कधी, वारा कुठून. त्यांनी माझ्याकडून मिलिमीटरचा काळा पत्रा मागून घेतला, एक पीस अलगद त्यावर ठेवलं आणि चौकोन मोजले. सात. डायरीत आकडा लिहिला. मग फोन काढून हवामान खात्याचा अंदाज पाहिला. दोन दिवसांनी नवा विक्षोभ.

मी तो पत्रा त्यांच्याकडेच राहू दिला. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं : दहिवर, ७ मिमी, जंगलातल्या सगळ्या मोकळ्या जागांत, ईशान्य आणि उत्तर, आभाळ स्वच्छ, वारा नाही.